आम्ही बारगीर

गेल्या माघातली गोष्ट. शेजारच्या तालुक्यातले एक बागायतदार छोट्या टेम्पोत घोडी घालून आमच्या वस्तीवर आले. कर्जत तालुक्यात, भीमेपासून थोड्याच अंतरावर आमची शेती आहे. तीन भावांचे एकत्र कुटुंब, सात घोड्या, एक नर आणि दोन-तीन शिंगरे एवढा आमचा पसारा. पाहुण्यांची घोडी माजावर होती. त्यांनी चहा घेतला, आमचा नर नीट निरखून पाहिला आणि सरळच विचारले, "घोडा लावायचे किती घेता?"

धाकटे भाऊ आकडा सांगणार, तेवढ्यात बाजेवर बसलेले अब्बा म्हणाले, "पैसे नक्को लेओ. अपन शिलेदार नहीं, बारगीर हैं."

पाहुण्यांना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांचे काम झाले, ते आभार मानून गेले. पण आमच्या घरात त्या दिवसापासून जो वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. तो वाद नुसत्या पैशांचा असता तर इथे सांगण्याचे कारण नव्हते. एका जनावराची जात सांभाळणे म्हणजे नेमके काय सांभाळणे, आणि सांभाळणाऱ्याचा तिच्यावर हक्क किती, हा त्यातला खरा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न फिरत फिरत माणसांच्या जातीपर्यंत येऊन पोचला.

अब्बांचे शब्द जुन्या लष्करातले. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार. बारगीर म्हणजे सरकारी पागेतला घोडा मिळालेला स्वार. बारगीर घोड्यावर बसतो, त्याला खरारा करतो, चंदी देतो, लढाईत त्याच्या जिवावर आपला जीव ठेवतो. पण घोडा त्याचा नसतो. तो विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही.

धाकट्या भावाचे म्हणणेही खोटे नाही. ज्वारीचा कडबा दरवर्षी महाग होतो. हरभरा महाग होतो. घोडी अकरा महिने गाभण राहते, एका वेळी एकच शिंगरू देते, आणि ते शिंगरू निदान दीड-दोन वर्षे सांभाळल्याखेरीज त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. गाय रोज दूध देते, शेळी वर्षाकाठी करडे देते; घोडी काय देते? अशा वेळी नराची फी हेच काय ते रोखीचे उत्पन्न. सगळीकडे घेतात. मग आम्हीच काय पाप केले?

अडचण अशी, की पापाचा प्रश्न इथे खरोखरच आहे. नर जनावर लावण्याचे मोल घेण्यास पैगंबरांनी (स.) मनाई केल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. बहुतेक फकिहांनी ती मनाई तशीच मानली. मालिकी मजहबात ठरावीक वेळेसाठी नर भाड्याने देण्याची सवलत आहे, हे भावाने कुठून तरी शोधून काढले. अब्बा हसून म्हणाले, "नमाज हनफी, हिसाब मालिकी!" दुसऱ्या एका रिवायतीत, न मागता कोणी भेट म्हणून काही दिले तर घ्यायला मुभा दिली आहे. त्यामुळे आमच्याकडे आता एवढेच ठरले आहे, की ठराव करायचा नाही. कोणी कडब्याच्या चार पेंढ्या आणून टाकल्या तर नाही म्हणायचे नाही.

मनाईचे कारण फकिहांनी दिले आहे. जे विकले जाते ते मोजून हाती देता येत नाही. घोडी गाभण राहील की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. व्यवहार म्हणून हे पटते. पण आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नराच्या अंगात जो वंश आहे, तो आम्ही घडवलेला नाही. मग तो कोणी घडवला? याचे उत्तर शोधायचे तर आमच्या जिल्ह्याच्या मातीत थोडे मागे जावे लागते.

* * *

आमचा घोडा भीमथडीचा. थडी म्हणजे काठ. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठचा हा काटक, बेताच्या उंचीचा, कठीण खुरांचा घोडा. पुणे, नगर, सोलापूर, सातारा हा त्याचा मुलूख. नगर आणि पुणे जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहणाऱ्या एका नदीचे तर नावच घोड आहे. 2023 साली जे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले, त्या राजा बढे यांच्या गीतात भीमथडीच्या तट्टांना यमुनेकाठी नेले आहे. शाळाशाळांतून मुले ते गातात. पण ते तट्टू आजही जिवंत आहे, रस्त्याच्या कडेने धनगराचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन आपल्या गाडीच्या बाजूनेच जाते, हे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल.

हा घोडा इथलाच, पण निव्वळ इथला नाही. मध्ययुगात अरबस्तान आणि इराणकडचे घोडे समुद्रमार्गे चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदल, तरच घोडा परत देतो, अशी अट घातली. मग खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि निकितिनला घोडाही मिळाला, धर्मही राहिला. ही हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. तिच्यातला खानही आमचा आणि खुरासानी गृहस्थही आमचाच. यांपैकी कोणाचा वारसा सांगायचा, हे आम्हीच ठरवायचे असते.

अशा परदेशी घोड्यांचे रक्त इथल्या तट्टांत मिसळले. मिसळलेल्यांपैकी जे दख्खनच्या खडकावर, दुष्काळात, सुक्या कडब्यावर टिकले तेवढे राहिले. मलिक अंबरने याच चपळ घोड्यांवरच्या मराठा स्वारांना घेऊन मोगलांच्या जड फौजा जेरीला आणल्या. 1624 साली नगरजवळ भातवडीला तलाव फोडून त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही सैन्यांची दाणादाण उडवली. त्या लढाईत शहाजीराजे होते, आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. दोघांची नावे नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून ठेवली होती, असे सांगतात.

आता या सगळ्यात शुद्ध कोण, ते पाहू. मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलामांच्या बाजारात एकापेक्षा अधिक वेळा विकला गेलेला. नगर वसवणाऱ्या अहमद निजामशहाचे वडील मलिक हसन हे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यात जन्मले होते, असे फरिश्ता सांगतो. घोड्याच्या सरंजामाचे शब्द बघा: लगाम, रिकीब, जीन, नाल, चाबूक हे फारसी-अरबीतून आलेले, घोडा, शिंगरू, दावण, थडी हे इथले. घोड्याच्या वैद्याला उर्दूत सालोतरी म्हणतात, तो शब्द शालिहोत्र या संस्कृत नावावरून आला. भाषा, माणसे आणि जनावरे या तिन्हींची घडण एकाच रीतीने झाली आहे.

2024 साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आमच्यापैकी अनेकांच्या मनाला ते लागले, हे लपवण्यात अर्थ नाही. पाचशे वर्षांचे नाव जिभेवरून सहज उतरत नाही. पण अहिल्याबाई आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, धनगराच्या घरी जन्मलेल्या. त्यांचे सासरे मल्हारराव घोड्याच्या पाठीवरूनच मोठे झाले. जिल्ह्याच्या जुन्या नावामागे हा घोडा होता, नव्या नावामागेही तोच आहे. त्याला दोन्ही धनी सारखेच.

* * *

राज्ये गेली, पागा गेल्या. इंग्रजांच्या काळात दख्खनी घोडा लयाला चालल्याच्या नोंदी झाल्या. पुढे घोडदळांनी घोडे सोडून रणगाडे घेतले. आज नगरला चिलखती दलाचे केंद्र आणि रणगाड्यांचे संग्रहालय आहे. पुस्तकांतून हा घोडा नामशेष ठरला. पण तो धनगरांच्या वाड्यांत होता. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन मावळाकडे, कोकणाकडे निघालेल्या वाड्यांबरोबर पाल, भांडी, वाघूर, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी तान्हे मूल असा सगळा संसार पाठीवर घेऊन तो घाट उतरत होता आणि पावसाआधी चढत होता. 'जतन' हा शब्द न उच्चारता धनगरांनी तो जतन केला. जे घाटात पाय मोडून बसेल, त्याचा वंश पुढे चालत नसे, एवढीच त्यांची निवड.

आमच्या घरात तो आला तो दुष्काळाने. आम्ही नालबंद. आजोबा बाजाराच्या गावी बैलांना आणि टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकत. धनगरांच्या घोड्यांशी त्यांचा धंद्याचा संबंध फारसा नव्हताच, कारण ती जनावरे बिननालाची खडकावरून चालत. तरी ते त्यांचे खूर हातात घेऊन बघत बसत आणि म्हणत, "अल्लाने ठोकलेली नाल आहे ही."

1972 च्या दुष्काळात एक ओळखीचे धनगर बापू आमच्या दारात एक घोडी बांधून गेले. चारा नव्हता, मेंढरे मरत होती, आणि त्या घोडीला गिऱ्हाईक नव्हते, कारण तिच्या डोळ्याखाली भोवरा होता. त्याला अश्रुढाळ म्हणतात. अशी घोडी धन्याला रडवते असा समज आहे. "पाऊस पडला की नेतो" असे सांगून बापू गेले.

अपशकुनाचा हा विषय आपल्याकडेही आहे. घर, बाई आणि घोडा या तीन गोष्टींत अपशकुन असतो, अशी एक रिवायत सांगितली जाते. ती ऐकून हजरत आयेशा (र.) संतापल्या आणि हा अज्ञानकाळातल्या लोकांचा समज होता, पैगंबरांनी (स.) तेवढाच सांगितला होता, असे त्यांनी ठणकावले. हेही हदीसच्या ग्रंथांत आहे. पण पहिली गोष्ट आपल्या समाजात सर्वांना पाठ आणि दुसरी थोड्यांना, असे का व्हावे? घोडीच्या डोळ्याखालचा भोवरा बघून आपण तिला दावणीवरून हाकलतो, आणि घरात सून आल्यावर काही वाईट घडले तर तिच्या पायगुणाकडे बोट दाखवतो. दोन्हींचे मूळ एकच आहे.

त्या घोडीने आम्हांला रडवले नाही. आजोबांनी सुकाळी कामाच्या मजुरीतून तिला जगवले. बापू दोन वर्षांनी आले तेव्हा तिच्यापाशी शिंगरू होते. बापूंनी घोडी आमच्याकडेच ठेवली आणि शिंगरू नेले. "एक तुमचं, एक माझं," असे ते म्हणाले. पुढे ती रीतच पडली. आमच्या सातही घोड्या तिच्या वंशातल्या आहेत. म्हणजे ज्या कळपाचे आम्ही मालक म्हणवतो, त्याचे मूळ एक ठेव आहे. अब्बा स्वतःला बारगीर म्हणवतात ते यामुळे.

* * *

2023-24 मध्ये करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भूतिया, स्पिती आणि झांस्करी यांच्यानंतरची ती देशातली आठवी. बारामतीचे रणजित पवार यांचा पाठपुरावा आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांचे काम त्यामागे आहे. त्याची गरज होतीच. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू सव्वासहा लाखांच्या आसपास होते. 2019 मध्ये ते 3 लाख 40 हजारांवर आले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे गेले.

नोंद झाली आणि लोक विचारू लागले. ज्या घोड्याला काल गाढवाच्या भावात मागत, त्याला आज 'जातिवंत' म्हणू लागले. आम्हांला आनंद झाला, आणि आनंदात थोडा गर्वही होता, हे कबूल करतो. पण त्याच आम्ही काही वर्षांपूर्वी काय केले, तेही सांगितले पाहिजे.

तेव्हा बाजारात मागणी होती ती उंच, कान वळलेल्या मारवाडी घोड्यांना आणि पांढऱ्या नुकऱ्यांना. हाती पैसा नव्हता, घरात दोन मुलांची शिक्षणे होती. आम्ही एक मारवाडी नर आणून दोन घोड्यांना लावला. शिंगरे देखणी झाली. त्यांतले एक चांगल्या किमतीला गेले आणि त्या पैशांतून कॉलेजची फी भरली गेली. दोन वर्षांनी एका लग्नाच्या वरातीत तो घोडा दिसला. डीजेच्या भिंतीपुढे त्याला बाजेवर चढवून नाचवत होते. गुडघे सुजले होते. त्याने आम्हांला ओळखले की नाही, सांगता येत नाही. आम्ही मात्र मान खाली घालून निघून आलो.

संकर करणे गुन्हा आहे, असे आम्ही म्हणत नाही. हा घोडा स्वतःच संकरातून झाला. पण पूर्वीचा संकर शेकडो वर्षे या मातीच्या कसोटीला लागला होता. आमचा संकर एका बाजाराच्या मागणीवर झाला. ज्या दोन घोड्यांनी ती शिंगरे दिली, त्यांची ती वर्षे वंशाच्या हिशेबातून गेली. आमच्यासारख्या शंभर घरांनी गरजेपोटी हेच केले, तर पुढच्या पिढीत हा घोडा गाण्यातच उरेल, आणि त्यात कोणा एकाचा दोष दाखवता येणार नाही.

* * *

वाद इथपर्यंत आला असताना आमची पुतणी बोलली. तिचे एम.एस्सी. झाले आहे. गेल्या वर्षी तिच्यासाठी एक स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, घर चांगले. सगळे जुळल्यावर निरोप आला: मुलगी पसंत आहे, पण खानदान नालबंदांचे. इस्लाममध्ये जात नाही, असे भाषणात सांगणाऱ्यांच्याच घरातून तो निरोप होता. तेव्हा घरात सगळे संतापले होते. ती एकटीच गप्प होती.

या वेळी ती म्हणाली, "चाचा, माणसांच्या वंशावळी फाडून टाका म्हणता, आणि घोड्यांच्या वहीत लिहिता. घोड्याला जातिवंत म्हणताना तुमची छाती फुगते. मग त्या लोकांचं काय चुकलं?"

आम्ही निरुत्तर झालो. घोडा वेगळा, माणूस वेगळा, हे उत्तर सोपे आहे. पण तिला सोप्या उत्तराची गरज नव्हती. आम्ही बरेच दिवस त्यावर विचार केला. शेवटी ज्या वहीवर तिने बोट ठेवले, तीच उघडून बसलो.

वही अब्बांनी सुरू केली. तीत प्रत्येक शिंगराची आई, बाप, जन्माचा महिना, रंग, कोणाला दिले, हे लिहिले आहे. आईचे नाव आधी आहे. धनगर बापूही घोडी आईवरून ओळखत. अरबस्तानातले बदाऊनही घोड्यांची घराणी आईकडूनच मोजतात. वही सुरू करण्याचे कारण मोठेपणा सांगणे नव्हते. एकदा चुकून एका नराला त्याचीच लेक लागली आणि शिंगरू अधू जन्मले. पुन्हा तसे होऊ नये म्हणून वही आली.

शास्त्रही हेच सांगते. कळपात एकच नर आणि वीस घोड्या असतील, तर वंशाच्या हिशेबात तो कळप एकवीस जनावरांचा राहत नाही. जेमतेम चार जनावरांइतकी विविधता त्यात पुढे जाते. घोड्या शंभर केल्या तरी नर एकच असेल तर आकडा चारच्या पुढे सरकत नाही. शुद्ध ठेवायची म्हणून जात कोंडली, की ती आतून मरते. ती जगवायची तर नर बाहेर गेला पाहिजे आणि दुसऱ्याचा आपल्याकडे आला पाहिजे. वही ठेवायची ती जवळचे रक्त जवळ येऊ नये आणि दूरचे यावे, यासाठी.

सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने माणसांची कुळे आणि कबिले करण्याचे कारण सांगितले आहे: एकमेकांची ओळख व्हावी. आणि लगेच पुढे सांगितले आहे, की त्याच्याकडे प्रतिष्ठा आहे ती परहेजगारीला. ओळख आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढल्या आहेत. आपण भारतीय मुसलमानांनी त्या पुन्हा एक केल्या. अश्रफ, अजलाफ असे थर लावले. नालबंद, पिंजारी, कसाई, बागवान ही कामाची ओळख होती. तिला उंची-खोली आपण जोडली.

म्हणून पुतणीला आम्ही एवढेच म्हणालो, की वही चुकीची नाही, आमची फुगलेली छाती चुकीची आहे. ज्या घराने तुला नाकारले, त्यांनी वंशाचा उपयोग दार बंद करायला केला. आम्हीही घोड्याच्या बाबतीत तेच करू लागलो होतो. नराला फी लावायची, पैसेवाल्याला द्यायचा, धनगराला परवडणार नाही असा भाव करायचा, म्हणजे ज्यांनी तो घडवला त्यांच्याच तोंडावर दार लावायचे. घोड्याचे नाव झाले, आता त्याचा धनीही बदलायचा, असा तो प्रकार झाला असता.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्हांलाही पुरतं पटलेलं नाही." हे तिचे बोलणेही खरे होते.

* * *

एका हदीसमध्ये घोडे पाळणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. एकाला घोड्याचे पुण्य मिळते: त्याने तो अल्लाहच्या कामी ठेवला, घोडा कुरणात चरला, ओढ्यावर पाणी प्याला, तेही त्याच्या खात्यावर जमा होते. दुसऱ्यासाठी घोडा ही आडोशाची भिंत असते. तो पोटासाठी आणि कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून घोडा पाळतो, आणि त्या जनावरावरचा अल्लाहचा हक्क विसरत नाही. तिसऱ्यासाठी घोडा म्हणजे पापाचे ओझे: त्याने तो मिरवण्यासाठी पाळला.

आम्ही कोणत्या रांगेत आहोत? पहिल्या रांगेत असल्याचा दावा करण्याइतके आम्ही भाबडे नाही. वरातीच्या त्या रात्री तिसऱ्या रांगेत आमचे नाव लागले असेल, अशी भीती वाटते. दुसरी रांग मिळाली तरी पुष्कळ. तिथे पोटाला मनाई नाही. घोडा विकायला मनाई नाही; शिंगरू विकून फी भरणे हलालच आहे. मनाई आहे ती हक्क विसरायला. आणि आम्हांला वाटते, त्या हक्कात जनावराच्या चारापाण्याबरोबर त्याच्या पुढच्या पिढ्याही येतात, आणि ती पिढी आपल्या हाती सोपवणारा माणूसही येतो.

या दिवाळीनंतर आम्ही आमचा नर बापूंच्या नातवाच्या वाड्याबरोबर पाठवला आहे. तिथे चौदा घोड्या आहेत. त्यांचा एक तरणा नर त्यांनी आमच्याकडे बांधला आहे. पैशांचा विषय निघाला नाही. धाकट्या भावाने विरोध केला नाही, पण एक प्रश्न विचारला, आणि त्याला आमच्यापाशी उत्तर नाही: घाटात ट्रकची धडक बसली, साप चावला, चोरीला गेला, तर? रस्ते पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, हे खरे आहे. कुरणेही राहिलेली नाहीत. नातू स्वतःच म्हणतो, "माझी पोरं मेंढरामागं जातील असं वाटत नाही." वाडेच थांबले तर भीमथडीचा घोडा कोणासाठी घाट चढणार? आमच्या सात घोड्या दावणीला बांधून ती जात राहील, पण ज्या चालण्याने ती घडली ते चालणे राहणार नाही. हा प्रश्न एका कुटुंबाच्या सचोटीने सुटणारा नाही. त्याला चराई लागते, सरकार लागते, समाज लागतो. आमच्या हाती दार उघडे ठेवणे आहे, तेवढे ठेवले आहे.

दोन घोड्यांना पुन्हा मारवाडी नर लावायचा की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. पुतणीच्या पुढच्या शिक्षणाचे पैसे उभे करायचे आहेत, आणि तिनेच आम्हांला सांगितले आहे, की माझ्या नावावर तो निर्णय टाकू नका. वही आता तिच्याकडे आहे. परवा तिने नव्या शिंगराची नोंद केली. घोडीचे नाव, नराचे नाव, महिना, रंग. 'मालक' असा एक रकाना अब्बांनी पूर्वीच आखून ठेवला होता आणि कधी भरला नव्हता. तिने विचारले, "इथे काय लिहू?" अब्बा म्हणाले, "रहने दे."